वरच्या कचेरीतली पैरवी

"कोंबडा घरी न्या, चंपतराव. इथं कोणी घेत नाही."

बोथच्या प्रार्थनाघराच्या पायरीवर सोजरबाई उभ्या होत्या. मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबाई त्या. चंपतरावांच्या बायकोचे, रेणुकाबाईंचे डोळे गेल्या आठवड्यात त्यांनीच मिटले होते.

चंपतरावांना वाटलं, कोंबडा लहान पडला.

"बाई, याच्याहून मोठाबी हाय घरी."

चंपतराव तहसील कचेरीत चपराशी. निजाम गेला, हैदराबाद राज्य आलं, आता या नोव्हेंबरात तेही मोडून आंध्र प्रदेश झाला. शेजारचं किनवट मुंबई राज्यात गेलं, बोथ इथंच राहिलं. एवढ्या उलथापालथीत तहसीलदाराच्या दारातलं स्टूल हललं नाही आणि स्टुलावरचे चंपतरावही. खेड्यातला माणूस साहेबासमोर स्वतः बोलत नसे. तो चंपतरावांच्या कानात सांगे, चंपतराव आत जाऊन साहेबांच्या कानावर घालत. याला पैरवी म्हणत, आणि तिचा दर एक कोंबडा. साहेबांची भाषा उर्दूवरून तेलुगूवर आली. कोंबड्याला भाषेची अडचण नसते, त्यामुळे दर तोच राहिला.

रेणुकाबाई गेल्या त्या दिवशी दवाखान्यात सोजरबाई धीर देताना म्हणाल्या होत्या, की येशू देवबापाच्या उजव्या हाताला बसून माणसांसाठी रदबदली करतो. चंपतरावांच्या डोक्यात तेवढंच शिरलं, कारण तेवढंच त्यांच्या ओळखीचं होतं.

"काहीच घेत नाही तो?"

"काहीच नाही."

"मंग काऊन करते?"

"त्यानं आपल्यासाठी जीव देल्ला, चंपतराव. कोंबड्याचं काय घेऊन बसले!"

चंपतराव मटकन पायरीवर बसले. आपल्याच कामातला माणूस, एवढी मोठी कचेरी, साहेबाच्या अगदी शेजारी बसायला जागा, आणि फुकट!

"काय सांगाचं होतं त्याले?" सोजरबाईंनी हळूच विचारलं.

"माहं काही नाही. तिचं." चंपतरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "रेणुकेले परक्या माणसासमोर तोंडच उघडता येत नव्हतं, बाई. बाजारात भाजीवालीशीबी मीच बोलो. तिथं एकटीच उभी असन आता. तिच्याकडून कोण बोलन? अन् तेलुगू तर तिले अजिबात येत नाही."

सोजरबाई हसल्या नाहीत.

"शब्द लागतच नाहीत, दादा. ज्याले बोलता येत नाही, त्याचं नुसतं कण्हणंबी वर पोचते. आमाले हेच शिकवलं हाय."

"कण्हणं?"

चंपतरावांचा चेहरा पांढराफटक पडला. पाय बांधलेला कोंबडा त्यांनी पायरीवर ठेवून दिला.

"त्या सकाळी ती कण्हून राह्यली होती. छातीवर हात ठेवून. आदिलाबादहून मोठा साहेब येणार होता, मी पट्टा बांधून राह्यलो होतो. म्हटलं, थांब जरा. साहेबाचं होऊ दे. जगाले मी हेच म्हणतो, बाई. तोंडात बसलं हाय. दुपारी परतलो, तं शेजारच्यांनी तिले दवाखान्यात आणलं होतं."

सोजरबाई त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या.

"ते कण्हणं कोणी ऐकलं असन?"

"ऐकलं."

"तवाच?"

"तवाच."

"'थांब' नाही म्हटलं त्यानं?"

"नाही, दादा."

चंपतराव उठले. वहाणा काढल्या, पागोटं सारखं केलं आणि दाराशी अडखळले.

"आत विचारून येता का, बाई?"

"विचाराचं नसते इथं. जा."

आत सतरंजी होती, एक टेबल होतं, टेबलामागे कोणी नव्हतं. चंपतराव त्याच्यापुढे ताठ उभे राहिले आणि हात जोडून तोंड उघडलं. शब्द आला नाही. मग जे आलं, ते बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

दोघीचौघी प्रार्थनेला येत होत्या. सोजरबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी तेवढा वेळ कोणालाही आत सोडलं नाही.