निळ्या पट्टीचा डबा

नोरीनने प्लॅस्टिकची हातोडी ठोकळ्यावर आपटली. एकदा, दोनदा. तिसऱ्या ठोक्याला हातोडीच्या पोकळ डोक्यात अडकवलेल्या काडतुसातून शिशाची गोळी सुटून आतच पडली. गोळीमागोमाग बंदुकीची करडी दारू पडायला हवी होती, चिमूटभर. तिने हातोडी पांढऱ्या कागदावर उपडी केली, बुडावर टिचक्या मारल्या. कागदावर गोळी तेवढी घरंगळली. दारूचा कण नाही.

नवऱ्याने भरलेली काडतुसं त्याच्या माघारी तपासायची, हा तिचा अलीकडचा चोरटा उद्योग होता. व्हर्लिनने गुरुवारी रिव्हॉल्व्हरची पन्नास भरली होती. शुक्रवारी तो दिवसभर गॅरेजातच शिकारीचं सामान बांधत बसला, त्यामुळे तिला वजनकाट्याला हात लावता आला नाही. आज शनिवार, एल्क हरणांच्या शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस. तो आणि त्याचा दोस्त ऑर्डेल उजाडायच्या आत डोंगरात गेले होते. जाताना व्हर्लिनने अठरा काडतुसं नेली होती, बत्तीस मागे होती. बत्तिसातली एकतीस काट्यावर सारख्याच वजनाची भरली. हे एक हलकं निघालं, बरोबर एका मापाने हलकं.

कुणाला वाटलं असतं, एक माप घालायचं राहून गेलं, त्यात काय मोठंसं. पण नोरीनने बावीस वर्षं गावातल्या औषधाच्या दुकानात कुप्या भरल्या होत्या. एका कुपीत कमी निघालं की दुसऱ्या कुठल्या कुपीत जास्त गेलंय का, हे बघेपर्यंत तिला घास गोड लागायचा नाही. तिने फळीवरून दारूचा डबा काढला. काडतुसं भरायला बसण्याआधी डब्याचं वजन करून ते डब्यावरच्या चिकटपट्टीवर लिहायचं, ही व्हर्लिनची जुनी सवय. गुरुवारचा आकडा त्याच्याच वळणदार अक्षरात होता. तिने डबा काट्यावर ठेवला, पेन्सिलीने वजाबाकी केली, मग पुन्हा केली. डब्यातून मोजून पन्नास मापं गेली होती.

पन्नास मापं गेली आणि एक पुंगळी, काडतुसाचं पितळी नळकांडं, कोरडी. म्हणजे दुसऱ्या एकीत दोन मापं पडली होती. इथल्या एकतिसांत ती नव्हती. ती व्हर्लिनच्या कमरेला होती.

रायफलीच्या पुंगळीत दुप्पट दारू मावतच नाही, लगेच बाहेर सांडते. रिव्हॉल्व्हरची मात्र मुकाट गिळून बसते. मग चाप ओढला की बंदूकच फुटते, धरणाऱ्याच्या हातात, त्याच्या तोंडासमोर.

ते रिव्हॉल्व्हर नुसतं अस्वलाच्या भीतीने बाळगलेलं असतं, तर ती एवढी हादरली नसती. चाळीस वर्षांत व्हर्लिनला अस्वलावर ते उगारावं लागलं नव्हतं. पण पहिल्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला व्हर्लिन आणि ऑर्डेल ओंडक्यावर घेवड्याचे रिकामे डबे मांडत आणि रिव्हॉल्व्हरने उडवत. हरेल त्याने हंगामभर तळावरची भांडी घासायची. गेली तीस वर्षं हे चाललं होतं. घड्याळात पावणेनऊ झाले होते. तळ अडीच तासांवर, आणि खिंडीपलीकडे फोन लागत नाही. नोरीनने घरातल्या कपड्यांवरच कोट चढवला आणि आपला जुना ट्रक काढला.

डांबरी संपून जंगलाचा खडीचा रस्ता लागला, तसं तिचं डोकं चालायला लागलं. त्याला सांगायचं कसं? सरळ सांगायचं तर ऑर्डेल शेजारी असणार. माणूस वाईट नाही, पण सकाळी ऑर्डेलला कळलेली गोष्ट दुपारी पेट्रोल पंपावर चघळली जाते. गेल्या शरद ऋतूत चाळीस वर्षांच्या ओळखीच्या फाट्यावर व्हर्लिन चुकला होता. चुलीवरची किटली दोनदा जळून काळी झाली होती. यावर दोघं नवराबायको एक शब्द बोलले नव्हते. नोरीनने एवढंच केलं, जानेवारीत म्हणाली, "घरी बसून कंटाळा आलाय. मला काडतुसं भरायला शिकव." त्याच्या शेजारी बसायला तिला एक निमित्त हवं होतं.

तो किती खूश झाला होता! वापरलेल्या पुंगळ्या पुसायच्या कशा, ठिणगी पाडणाऱ्या नव्या टोप्या बुडाला बसवायच्या कशा, लोखंडी दाबयंत्राचा दांडा कुठवर ओढायचा, सगळं त्याने हात धरून शिकवलं. पहिल्या दिवशी त्याने बोटांवर मोजून नियम सांगितले होते.

"मेजावर दारूचा एकच डबा. हे एक. मधेच कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. आणि दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही. सख्ख्या भावाने भरलेलं असलं तरी नाही."

"आणि बायकोने?" तिने विचारलं होतं.

तो हसला होता आणि पुंगळ्यांचा ट्रे तिच्यापुढे सरकवला होता.

ऑगस्टमध्ये तिने त्याच्या रायफलीसाठी वीस काडतुसं भरली. तीन संध्याकाळी लागल्या. एकेक तीनदा तोललं, डब्यावर तारीख घातली, खाली आपलं नाव लिहिलं, वर निळी चिकटपट्टी लावली. "औषधासारखी बांधलीस की!" व्हर्लिन म्हणाला होता आणि डबा तोंडभर हसून घेतला होता.

साडेअकराच्या पुढे ती तळावर पोचली. तंबूपाशी कुणी नव्हतं. व्हर्लिनचा ट्रक नेहमीसारखा कुलूप न लावता उभा होता. काही काडतुसं त्याने गाडीतच ठेवली असतील, या आशेने तिने डॅशबोर्डातला कप्पा उघडला. आत तिचाच डबा होता. निळी पट्टी जशीच्या तशी. शेजारी दुकानातल्या रायफलीच्या काडतुसांचं नवं खोकं, झाकण फाडलेलं, त्यातली चार गायब.

तिला ते लागलं, फार लागलं. नियम तिला पाठ होता, तरी लागलं. तीन संध्याकाळी तिने श्वास रोखून माप धरलं होतं, आणि ह्या माणसाने दुकानात जाऊन कुठल्याशा कारखान्यावर भरवसा टाकला होता. ती तशीच उभी राहिली असती, पण झाडांमागून ऑर्डेलचं हसणं आलं आणि पाठोपाठ एक बार झाला.

ती डबा हातात धरूनच पळाली. बार ऑर्डेलच्या रिव्हॉल्व्हरचा होता. ओंडक्यावरचा एक डबा गवतात पडला होता, आणि आता व्हर्लिन पुढे होऊन उभा होता, आपलं रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांत.

"व्हर्लिन! थांब! खाली घे ते!"

त्याने नळी जमिनीकडे केली.

"अगं, नोरीन!" ऑर्डेल म्हणाला. "घर पेटलं का काय? की हा चहा पिऊन नाही आला?"

तिला धाप लागली होती. रस्ताभर घोटलेलं वाक्य तिने एका दमात म्हणून टाकलं.

"माझी चूक झाली. मी भरलेल्या काडतुसांचं माप चुकलंय. परत न्यायला आलेय मी."

"पण तू भरलीस ती रायफलीची," व्हर्लिन म्हणाला.

"रिव्हॉल्व्हरचीही. गुरुवारची ती पन्नास मीच नाही का भरली?"

व्हर्लिन तिच्याकडे बघत राहिला. गुरुवारी ती शहरात दाढ काढायला गेली होती. गाल सुजवून परतल्यावर त्यानेच तिला सूप गरम करून दिलं होतं. त्याच्या कपाळाला आठी पडली, ओठ किंचित हलले. तो गुरुवार शोधत होता. नोरीनने आजवर त्याचं पुष्कळ काही पाहिलं होतं, पण हे उभं राहून बघणं तिला सगळ्यात जड गेलं. त्याला आठवावं की आठवू नये, काय मागावं हेही तिला कळेना.

"तुझी दाढ," तो शेवटी हळूच म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "दे ती मला."

ऑर्डेलला यातलं काही कळलं नाही. त्याला बोलायला आयतं मिळालं होतं. "बघ! परवा दुकानात मी तुला काय सांगत होतो? दुसऱ्याच्या हातचं काडतूस बंदुकीत घालायचं नाही, आणि बायकोच्या हातचं तर मुळीच नाही. माझं ऐकलंस म्हणून धड आहेस. नाहीतर आज तुझ्या मिशा त्या झाडाला लटकल्या असत्या. रागावू नकोस हं, नोरीन. तुझ्या हातचा केक कधीही खाईन मी."

व्हर्लिनने रिव्हॉल्व्हरचं चक्र उघडलं. सहा काडतुसं त्याने तिच्या ओंजळीत ओतली. मग पट्ट्यातली बारा काढायला लागला, एकेक करून, सावकाश. तिने मनात अठरा मोजली आणि ती कोटाच्या खिशात टाकून खिशाची चेन ओढली.

त्याची नजर तिच्या काखेतल्या डब्यावर गेली. निळी पट्टी, वर ऑगस्टची तारीख, खाली तिचं नाव. तिने डबा लपवला नाही आणि पुढेही केला नाही.

व्हर्लिन वळला. त्याची रायफल देवदाराला टेकवून ठेवली होती. त्याने खटका मागे ओढून आतली चार काडतुसं बाहेर काढली, दुकानातली, चकचकीत, आणि ओंडक्यावर घेवड्याच्या डब्यांशेजारी उभी केली. मग तिच्यापुढे हात पसरला.

"दे."

तिने डबा दिला. त्याने चाकूने पट्टी कापली आणि तिने भरलेली काडतुसं रायफलीत घालायला लागला. एक. दोन.

"अरे, डोकं फिरलं का तुझं?" ऑर्डेल पुढे सरसावला. "आत्ता तर ती म्हणाली ना, माप चुकलंय म्हणून!"

"ती काय म्हणाली ते ऐकलं मी," व्हर्लिन म्हणाला.

तीन. चार. त्याने खटका पुढे सारून बसवला आणि रायफल खांद्याला अडकवली. मोकळं रिव्हॉल्व्हर त्याने ऑर्डेलच्या हातात दिलं, दस्ता पुढे करून.

"हे आता तुझ्याकडे असू दे. आणि भांडी यंदा माझ्याकडे."

ऑर्डेलने रिव्हॉल्व्हरकडे पाहिलं, मग नोरीनच्या फुगलेल्या खिशाकडे, मग तीस वर्षांच्या आपल्या दोस्ताकडे. तो ओंडक्याकडे गेला आणि उभे राहिलेले डबे गोळा करायला लागला.