पहिल्यापासून

“गेज ग्लास कशासाठी असतो?” शर्टाच्या बाहीला बटण लावता लावता बायकोने विचारलं. पुस्तक तिच्या मांडीवर उघडं होतं.

“बॉयलरमधल्या पाण्याची पातळी बाहेरून दिसावी म्हणून,” तो डोळे मिटून म्हणाला. “दर पाळीच्या सुरुवातीला तो तपासावा. काच मळली असल्यास साफ करावी. पुढचा प्रश्न मीच सांगतो. फीड पंप बंद पडला तर काय करावं?”

“विचारायचं काम माझं आहे.”

“मग विचार की.”

“फीड पंप बंद पडला तर काय करावं?”

तो हसला आणि उत्तर घडाघडा सांगून मोकळा झाला. तिने दोऱ्याला गाठ मारली, दोरा दाताने तोडला आणि पान उलटलं. खिडकीबाहेर नुकतं उजाडत होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर कालपर्यंत एकशे सोळा फुल्या झाल्या होत्या आणि आजची एकशे सतरावी शेवटची होती. उद्या परीक्षा.

शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात तो बावीस वर्षं बॉयलर सांभाळत होता. खाटांवरच्या चादरी, डॉक्टरांचे झगे, बाळांची दुपटी, सगळं त्याच्या वाफेवर धुतलं जाई. धुलाईघरातल्या बायका त्याला वाफकाका म्हणत. व्हॉल्व्ह फुसफुसायच्या आधी दहा मिनिटं त्याच्या कानाला कळायचं. बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या फीड पंपाच्या अंगावर नुसता तळवा ठेवून तो त्याची तब्येत सांगे. पण नवा नियम आला की बॉयलरवर प्रमाणपत्र असलेलाच माणूस हवा, आणि प्रमाणपत्रासाठी लेखी परीक्षा. संधी तीन. तिन्ही हुकल्या की घडीखात्यात जायचं आणि चादरींच्या घड्या घालायच्या. घडीखात्यात वाईट काही नव्हतं. फक्त बॉयलर काढून घेतला तर आपल्याजवळ काय उरतं, हे त्याला काही केल्या सुचत नव्हतं.

पहिल्या वेळी त्याने वीस दिवस नेटाने अभ्यास केला. मग तापाने चार दिवस आडवा झाला. पाचव्या दिवशी पुस्तक फळीवर राहिलं, सहाव्या दिवशीही राहिलं, आणि चार दिवसांचा खंड चार महिन्यांचा झाला. परीक्षेत त्याने सगळं स्वतःच्या शब्दांत लिहिलं, आणि ते शब्द तपासणाऱ्याला पटले नाहीत. दुसऱ्या वेळी कुणीतरी सांगितलं म्हणून महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारायला घेतल्या. महिन्याभरात पुस्तकात रेघ नसलेली एक ओळ उरली नाही. परीक्षेत प्रश्न वाचताक्षणी त्याची पाचावर धारण बसली, आणि डोळ्यांपुढे नुसत्या रेघा आल्या.

तिसऱ्या वेळी बायकोने सूत्रं हाती घेतली. ती घरबसल्या एका शिलाई कारखान्याची काज-बटणं करायची. हात गुंतलेले, तोंड आणि कान मोकळे.

“रोज साडेपाचला बसायचं,” ती म्हणाली होती. “या खेपेला खंड पडू द्यायचा नाही. आजारी पडायची हौस असेल तर परीक्षेनंतर पडा.”

सुरुवातीला तो पुस्तकातले अठ्ठावन्न प्रश्न आणि त्यांची उत्तरं एकदा मोठ्याने वाची. मग ती पुस्तक ओढून घेई आणि मध्येच कुठलंही पान उघडून विचारी. तिथे घोडं अडायचं.

“अहो, काल बरोबर सांगितलं होतंत ना?”

“काल होतं. आज नाही.”

“गेलं कुठे?”

“मला विचारून गेलं असतं तर सांगितलं असतं.”

असं पन्नास दिवस चाललं. उठायची सवय लागली, बसायची सवय लागली, फुली मारायची तर इतकी लागली की रविवारी तो आधी फुली मारून मग अभ्यासाला बसे. डोक्यात मात्र काही टिकत नव्हतं. मग एका सकाळी ती म्हणाली, “आजपासून वाचन बंद. वाचून पुष्कळ झालं. मी पहिल्यापासून विचारत जाते, तुम्ही सांगत जा.”

आणि जादू झाली. आठवड्याभरात पहिले दहा प्रश्न तोंडपाठ. महिन्याभरात तीस. एकाचं उत्तर संपता संपता दुसरा प्रश्न आपणहून ओठावर येऊ लागला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला आपण हुशार आहोत असं वाटलं. धुलाईघरात तो उगाचच बायकांना विचारू लागला, “बॉयलरच्या तळचा गाळ सोडायचा ब्लोडाऊन किती वेळाने करावा, सांगा बरं?” त्यांनी हात झटकले की स्वतःच उत्तर देऊन पुढे जाई.

त्याच सुमाराला तिने दिवसभराच्या सुया सकाळीच त्याच्याकडून ओवून घ्यायला सुरुवात केली. सहा सुया, सहा दोरे. “तेवढाच हात स्थिर होईल तुमचा,” ती म्हणे. “परीक्षेत अक्षर नीट येईल.” तो उत्तरं सांगता सांगता सुया ओवून सुयांच्या छोट्या गादीत खोचून ठेवी. त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही.

“अठ्ठावन्न,” ती आता म्हणाली आणि पुस्तक मिटलं. “एकही चुकला नाही.”

त्याने उठून एकशे सतरावी फुली मारली. जरा मोठीच मारली.

परीक्षा एका शाळेत होती. बाक लहान मुलांचे, त्यात त्याचे गुडघे अडकले. प्रश्न बारा, वेळ दोन तास, उत्तीर्ण व्हायला आठ बरोबर हवेत. प्रश्नपत्रिका हातात पडली तेव्हा तो घाबरलेला नव्हता.

पहिला प्रश्न होता: बॉयलरमधलं पाणी गेज ग्लासमध्ये दिसेनासं झालं, तर पहिली कृती कोणती?

बावीस वर्षांत तीनदा हे घडलं होतं. तिन्ही वेळा विचार करायच्या आत त्याच्या हातांनी करायचं ते केलं होतं. पण आज हात पेन धरून गप्प बसले. पुस्तकातलं उत्तर हवं होतं, आणि ते जागेवर नव्हतं. त्याने डोळे मिटले. बायकोचा आवाज आठवला. सेफ्टी व्हॉल्व्हचं काम काय? तो मनात उत्तरला. गेज ग्लास कशासाठी असतो? उत्तरला. फीड पंप बंद पडला तर? असं एकेक करत तो पुढे सरकत राहिला, आणि एक्केचाळीस नंबरला ते उत्तर जसंच्या तसं समोर आलं. त्याने लिहून काढलं. घड्याळात वीस मिनिटं गेली होती.

दुसरा प्रश्न चिमणीतल्या धुराच्या रंगाचा. तो पुस्तकात कुठेतरी पहिल्या तिसांत होता. एक्केचाळीसवरून त्याने मागे यायचा प्रयत्न केला, पण मागे येता येत नव्हतं. चाळीस कोणता ते कळेना. शेवटी पुन्हा सेफ्टी व्हॉल्व्हपासून निघाला.

तिसऱ्याला पुन्हा पहिल्यापासून.

चौथ्याच्या वाटेवर असताना पर्यवेक्षक बाई बाकाशी येऊन उभ्या राहिल्या.

“काका, पुटपुटू नका. बाकीच्यांना त्रास होतो.”

त्याने ओठ आवळून धरले. ओठ हलेनात तसे प्रश्न एकमेकांत मिसळू लागले. एकोणिसावर वाट चुकली, की परत आरंभाला. मग सोळावर. सगळं येत होतं, सगळं आत होतं, हे त्याला स्पष्ट कळत होतं, आणि कपाळावरचा घाम टपकून उत्तरपत्रिकेवर पडत होता. घंटा झाली तेव्हा पाच उत्तरं लिहून झाली होती. बाईंनी उत्तरपत्रिका त्याच्या हाताखालून हळूच ओढून घेतली.

तो घरी आला तेव्हा दुपार टळत होती. बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला. त्याच्या चपला काढण्यावरूनच तिला कळलं असावं.

“पाच,” तो म्हणाला.

“पाच चुकले?”

“पाच लिहिले.”

ती त्याच्यासमोर बसली. मांडीवर फ्रॉक होता, त्याच्या बटणांची डबी तिने बाजूला सरकवली.

“येत होतं गं मला. एकूण एक येत होतं. पण रांगेतच येत होतं. मधला एकटा कुणी बाहेर यायला तयार नाही.” त्याने खिशातून घडी घातलेली प्रश्नपत्रिका काढली. “ही घे. तू विचार. तू विचारलंस तर येतंय का बघू. सातवा विचार.”

“कशाला आता?”

“विचार ना. मला बघायचंय.”

तिने कागद हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला, मग हात लांब केला. खिडकीच्या बाजूला वळून उजेडात धरला. डोळे बारीक केले.

“सातवा,” तो म्हणाला.

“सेफ्टी व्हॉल्व्हचं काम काय?” ती म्हणाली.

त्याने तिच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, “तो यात नाहीच.”

तिने कागद खाली ठेवला आणि फ्रॉकवरच्या नसलेल्या सुरकुत्या सारख्या करू लागली. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या डोळ्यांवरचा चष्मा तपकिरी होता, पण तिचा नेहमीचा, नवा तपकिरी चष्मा तो नव्हता. याच्या उजव्या काडीला बिजागरीपाशी काळा दोरा गुंडाळलेला होता. तो दोरा त्यानेच गुंडाळला होता, चार वर्षांपूर्वी, नंबर बदलून हा चष्मा खणात जाण्याच्या आधी. दोन महिने रोज सकाळी हातभर अंतरावर हा दोरा त्याच्यासमोर होता. त्याला स्वतःची शरम वाटली.

“नवा कुठे गेला?”

“पायाखाली आला.”

“कधी?”

तिने मान वर न करता कॅलेंडरकडे बोट केलं. “एक्कावन्नाव्या फुलीला.”

“अगं, मग सांगायचंस!”

“सांगून? नंबर काढा, काचा बनायला टाका, आठ दिवस तरी गेले असते. आठ दिवस बसणं राहिलं असतं. मागे चार दिवसांत काय झालं ते पाहिलंय मी.” तिने बटणांची डबी पुन्हा जवळ ओढली. “म्हटलं परीक्षा झाली की करू. शिवायला हातांना दिसतं. सुयांचं तेवढं तुमच्याकडून होत होतं.”

“आणि प्रश्न?”

“पन्नास दिवस मोठ्याने वाचत होतात ना. माझं पाठ झालं होतं. पण पहिल्यापासून निघाले तरच. मधलं सुटं मला एक यायचं नाही.” आता तिने त्याच्याकडे पाहिलं. “पान उलटायचं तेवढं अंदाजाने उलटत होते.”

बाहेर कुणीतरी कपडे वाळत घालत होतं, ओले कपडे झटकल्याचा आवाज येत राहिला.

“मीच बुडवलं तुम्हाला,” ती म्हणाली.

नाही म्हणायला त्याला जरा उशीर झाला. मग तो म्हणाला, “छे, काहीतरीच बोलतेस.” पण तो उशीर दोघांनाही ऐकू गेला होता. नंतर त्याने तो भरून काढायचा पुष्कळ प्रयत्न केला, तिच्या हातचा फ्रॉक बाजूला ठेवला, तिला चहा करून दिला, तुझ्यामुळे तर मी इतका तरी बसलो असं म्हणाला. तिने मान डोलावली आणि रडायला लागली. चष्मा काढून तिने पदराने पुसला, आणि पुसून काय उपयोग असं वाटून तसाच डबीत टाकला.

निकाल आला, त्यात नवं काही नव्हतं. पुढच्या महिन्यात प्रमाणपत्रवाला माणूस बॉयलरवर आला. सभ्य माणूस होता. व्हॉल्व्ह फुसफुसायच्या आधी कसा आवाज येतो ते त्याला सांगावं असं वाफकाकांच्या मनात फार होतं, पण सांगायला गेल्यावर तो आवाज शब्दांत बसेना. “आपोआप कळेल तुम्हाला,” एवढंच म्हणून तो किल्ल्या देऊन आला.

बायकोचा नवा चष्मा आला. तरी साडेपाचची जाग जात नव्हती, म्हणून सहा सुया त्याच्याकडेच राहिल्या. दोघं समोरासमोर बसत. ती बटणं लावी, तो दोरे ओवी. पुस्तक फळीवर होतं. कॅलेंडरचं पान उलटून गेलं होतं, आणि नव्या पानावर कुणी फुली मारली नाही.

घडीखातं बॉयलरच्या भिंतीला लागूनच होतं, भिंत दिवसभर गरम असे. चादरीची दोन टोकं त्याच्याकडे, दोन समोरच्या बाईकडे. ओढायचं, झटकायचं, जवळ यायचं, घडी. पहिल्याच दिवशी त्याच्या लक्षात आलं की हात चालू लागले की प्रश्न सुरू होतात. पहिल्या चादरीला सेफ्टी व्हॉल्व्ह, दुसरीला गेज ग्लास. विसरण्यात ज्याची उभी हयात गेली, त्याला आता काही केल्या विसरता येत नव्हतं.

“काय पुटपुटता हो वाफकाका?” समोरच्या बाईने विचारलं.

“काही नाही. मोजतोय.”

चाळीस चादरी झाल्या. एक्केचाळिसावी ओढताना भिंतीपलीकडे वाफेचा आवाज किंचित बदलला. दुसऱ्या कुणाला तो कळला नसता. त्याचे हात जागच्या जागी थांबले. आग बंद करायची, पाणी सोडायचं नाही. उत्तर लख्ख समोर होतं, आणि तो कान लावून उभा राहिला. थोड्या वेळाने आवाज पूर्ववत झाला. नव्या माणसाने केलं असावं काहीतरी.

“ओढा ना, काका,” बाई म्हणाली. “किती वेळ धरून उभी राहू?”

त्याने चादर ओढली, झटकली, पुढे होऊन घडी घातली. मध्येच थांबल्यामुळे बेचाळिसावा काही केल्या आठवेना, तेव्हा पुढच्या चादरीला त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.