रेंफ्रोपुढच्या तीन रेघा

उण्याची तिसरी रेघ पहिल्या दोन रेघांपेक्षा जाड होती... शिसपेनीचं टोक झिजलं असणार, किंवा तोवर चीड चढली असणार. रॉस्को प्रूइटने अंगठा जिभेला लावून ती पुसून पाहिली. पुसली गेली नाही, नुसती पसरली, आणि त्या करड्या डागाच्या मधोमध जिथल्या तिथे राहिली. रेंफ्रो, नंबर बावन्न. शेवटच्या सत्रातले तीन डाव, तीन रेघा, आणि पुढे त्याच्याच अक्षरात एक शब्द — आळस.

कागद आठ दिवसांपूर्वीचा होता. दर रविवारी, चर्चहून आलं की तो या खिडकी नसलेल्या खोलीत बसायचा आणि शनिवारच्या अमेरिकन फुटबॉल मॅचची फिल्म लावून एकेका पोराच्या एकेका डावाला अधिक किंवा उणे द्यायचा; सहायक कोच म्हणून एकोणीस वर्षं देत होता. त्या कागदावर कॉलेजचा सोमवार ठरायचा. कारण हरल्यानंतरच्या सोमवारी बोळ असायची. मैदानाच्या कोपऱ्यात वाळूच्या जाड गाद्यांच्या दोन रांगा, मध्ये जेमतेम तीन फूट जागा, आणि त्या जागेत दोन पोरं समोरासमोर. शिट्टी झाली की एकमेकांवर आदळायचं, एक जण पाठीवर पडेपर्यंत. ज्याच्या नावापुढे उणे जास्त तो पहिला आत. त्याच्यासमोर कोण, ते मुख्य कोच कॉबर्न ठरवायचे. शिट्टी रॉस्कोची. बाकीच्या कॉलेजांनी हे केव्हाच बंद केलं होतं, आणि कोच म्हणायचे, म्हणूनच ती कॉलेजं पोरांना दाईकडे पाठवल्यासारखं खेळवतात.

गेल्या सोमवारी रेंफ्रो आत गेला तेव्हा त्याचे हात लोंबत होते. हे आत्ता आठवतंय, तेव्हा दिसलं होतं का? समोर बूकर, दीडशे किलोचा. शिट्टी. शंभर पोरं ओरडत होती, आणि त्या ओरडण्याच्या वर तो आवाज आला, ओला पाट दगडावर आपटावा तसा. रेंफ्रो पाठीवर पडला आणि त्याचा उजवा हात हवेत ताठ उभा राहिला. कुणालातरी थांबवावं तसा. खाली येईना. पोरं ओरडतच होती, कारण त्यांना वाटलं तो उठतोय.

तिघी डॉक्टरणींनी मिळून त्याची कवटी उघडली. आता तो नदीपलीकडच्या इस्पितळात होता आणि बोलत होता, पण सकाळी बोललेलं दुपारी त्याला आठवत नव्हतं.

रॉस्कोने फिल्म परत लावली. शेवटचं सत्र. रेंफ्रो खाली वाकून घुसतो, समोरच्याचा गुडघा त्याच्या कानावर बसतो, दोघं पडतात, रेंफ्रो उठतो. पुढचा डाव: रेंफ्रो उभा. त्यापुढचा: उभा. मग तो चालायला लागतो, सावकाश, घरी निघाल्यासारखा, विरुद्ध संघाच्या बाकांकडे. आणि आपला एक जण त्याचा शर्ट धरून त्याला वळवतो. आळस! आंधळासुद्धा बघून सांगेल काय झालंय ते. कोच आंधळा, रॉस्को आंधळा, सगळं मैदान आंधळं... आणि ज्याला खरोखरच दिसायचं बंद झालं होतं तो मात्र आळशी.

दार ढकलून कोच आले. एकसष्ट वर्षांचे, दाराएवढे रुंद, तळहाताला पट्टी. शनिवारी संघ सलग चौथी मॅच हरल्यावर कुणीतरी त्यांच्या घरापुढच्या हिरवळीत ‘घर विकणे आहे’च्या अकरा पाट्या रोवल्या होत्या, इथे कोचला जा म्हणायची तीच रीत. कोचनी त्या अकराच्या अकरा उपटल्या, गुडघ्यावर मोडल्या आणि लाकडाची सल हातात घुसवून घेतली.

“किती वेळा बघशील तेच तेच? परवाची हार बघ. ती ताजी आहे.”

“कोच, इथं बघा. तो त्यांच्या बाकाकडे चाललाय.”

“कोण?”

“रेंफ्रो. आपली बाजू कुठली, तेच कळत नव्हतं त्याला.”

कोच उभ्या उभ्या बघत राहिले. मग कॉफीचा घोट घेऊन म्हणाले, “मला एक दमलेला पोरगा दिसतोय.”

“शुद्धीत नव्हता तो.”

“तू आळस लिहिलंस. बरोबर लिहिलंस. आता लोकांना घाबरून अक्षर फिरवू नकोस, पोरा.”

“तुम्ही ही फिल्म पाहिली होती? बोळीच्या आधी?”

“मी फिल्म बघत नाही. मी तुझा कागद बघतो. उगीच नाही एकोणीस वर्षं तुला ठेवलंय.” आणि जाताना त्यांनी रॉस्कोच्या मानेवर आपला पट्टीचा हात ठेवला, जड, उबदार. रॉस्कोच्या मनात आलं की समोरचं फिल्मचं यंत्र उचलावं आणि या माणसाच्या तोंडावर घालावं — एकदा, दोनदा, दात पडेपर्यंत. आणि त्याच वेळी त्याची मान त्या हाताखाली, सवयीने, जरा वाकली.

ही मान तो स्वतः इथे खेळायचा तेव्हापासूनची. वय वीस, ऑगस्टचं ऊन, बोळीत समोर त्याचाच खोलीसोबती डेल व्हिटेकर. डेल हसत होता, हळू ये रे, असं ओठांनी म्हणत होता, आणि रॉस्को हळू गेला नाही. डेलचा जबडा दोन ठिकाणी मोडला. रॉस्कोला तो मोडताना खांद्यात जाणवला, आणि जे जाणवलं ते वाईट नव्हतं... ते फार गोड होतं, पोटातून वर येणारं. मग कोचनी त्याच्या हेल्मेटची जाळी धरून त्याला ओढलं, कपाळाला कपाळ भिडवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “हा माझा!” रॉस्कोला कुणी आपला म्हटलं नव्हतं, बापानेही नाही. सहा आठवडे त्याने डेलला नळीने सूप पाजलं आणि डेल तारा बांधलेल्या दातांमधून हसायचा. डेलने कधी राग धरला नाही. रॉस्कोला अजून कळत नाही की तो का धरला नाही.

दुपारी इस्पितळात जायचं म्हणून तो निघाला आणि पेट्रोल पंपापर्यंतच पोचला. शेजारच्या पंपावरचा टोपीवाला त्याला बघून खूश झाला. गावात गेला महिनाभर दुसरा विषय नव्हता, न्हाव्याकडे नाही की चर्चच्या पायऱ्यांवर नाही.

“काय कोच! म्हाताऱ्याला कधी पोचवताय? पुढच्या वर्षी तुम्हीच ना?”

“बघू.”

“बघू काय! शनिवारी पोरं काय खेळली, माझी आजी बरी. डोकी फुटल्याशिवाय जिंकता येतं होय?”

रॉस्कोने त्याचं डोकं पंपाच्या काचेवर आपटलं, केस धरून, पुन्हा आपटलं, काचेचे तुकडे त्याच्या गालात... त्याने पेट्रोलच्या टाकीचं झाकण लावलं, अजून हसत उभ्या असलेल्या टोपीवाल्याकडे बघून मान डोलावली आणि गाडीत बसला. आपण असे का आहोत, हा प्रश्न त्याला पडला नाही. आपण असे किती वेळ लपून राहू, हा पडला.

तेवढ्यात फोन वाजला. मिस अर्लीन, रेंफ्रोची आई.

“कोच प्रूइट, कामात आहात का?”

“नाही मॅम. बोला ना. कसा आहे तो?”

“जेली खाल्ली आज. कोच, एक विचारायचं होतं. तो दर तासाला तेच विचारतो. म्हणतो, मम्मा, माझं काय चुकलं, मला बोळीत का घातलं? मी म्हणते, झोप. परत विचारतो. तुम्हाला खेळातलं कळतं. मला एवढंच सांगा, त्याचं काय चुकलं होतं, म्हणजे मी सांगेन त्याला. त्याला तेवढंच हवंय हो.”

तिच्या आवाजात आरोपाचा मागमूस नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

“काही चुकलं नव्हतं, मॅम.”

“मग?”

मग. मागे कुणीतरी भोंगा वाजवत होतं. “मी फोन करतो तुम्हाला,” असं काहीतरी तो पुटपुटला आणि गाडी पंपावरून काढून रस्त्याच्या कडेला उभी केली. आणि तिथे, काही कारण नसताना, त्याला तो रविवार पुरता आठवला. दुसऱ्या रेघेनंतर त्याने फिल्म थांबवली होती. मागे घेतली होती. रेंफ्रो बाकांकडे चालताना त्याने पाहिला होता, दोनदा पाहिला होता, आणि मनात आलं होतं की या पोराला लागलंय. स्वच्छ, शब्दांत आलं होतं. मग वरच्या कोपऱ्यातले आकडे दिसले, एकतीस-तीन, आपले तीन, आणि आत काहीतरी पेटलं — लागलंय तर लागलंय, मला नाही लागलं कधी? मी राहिलो नाही उभा? आणि शिसपेन कागदात रुतवली. मला दिसलं होतं. मी आंधळा नव्हतो. आठ दिवस मी स्वतःला आंधळा म्हणवून घेतोय आणि त्यातही मला जरा बरं वाटतंय.

क्रीडा संचालक लोरीन पॅजेट यांचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं आणि त्याला मैदानाकडे भिंतभर काच होती. त्यांनी त्याला अडीचला बोलावलं होतं. बाईंनी त्याला बसवलं, गोड चहा दिला, आणि एक टाइप केलेला कागद त्याच्याकडे फिरवून ठेवला.

“विश्वस्तांचं एकमत आहे, रॉस्को. सहा वाजता बैठक. पण हरल्याबद्दल काढलं तर म्हातारा गावभर रडगाणं गाईल, अर्धं गाव त्याच्या मागे जाईल. हे कारण असलं तर कुणी तोंड उघडणार नाही. तुम्ही तिथं होतात. ही ओळ वाचा आणि खाली सही करा.”

ओळ अशी होती: मुख्य प्रशिक्षकांना खेळाडूच्या डोक्याच्या दुखापतीची कल्पना असूनही त्यांनी त्याला सरावात उतरवले.

“कोचना कल्पना होती, असं कुणी सांगितलं?”

“कुणालातरी होतीच ना? वीस माणसं पगारावर आहेत त्या मैदानावर.” त्यांनी चष्मा काढला. “हे बघा, तो जायला हवा की नको? खरं सांगा.”

“जायला हवा.”

हे त्याने मनापासून म्हटलं. जायलाच हवा, आज, आत्ता, फरफटत. अशा माणसाच्या हाती पोरं देऊ नयेत. फक्त ती ओळ कोचची नव्हती. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, बाई, ती कल्पना मला होती, कागद माझा आहे, खालच्या खोलीत पडलाय. दोन वाक्यं. मग कोचही राहणार नाही आणि मीही नाही, आणि मिस अर्लीनला सांगायला काहीतरी मिळेल. ती वाक्यं जिभेवर आली, खरंच आली होती. त्याने चहाचा घोट घेतला आणि ती तशीच आत गेली.

“हंगामी मुख्य प्रशिक्षक म्हणून तुमचंच नाव आहे,” बाई म्हणाल्या. “एकच गोष्ट विश्वस्तांना तुमच्या तोंडून ऐकायचीय. ती बोळ. आजची मी थांबवलीय; कायमची तुम्ही बंद कराल ना?”

“हो. पहिल्याच दिवशी.”

किती पटकन म्हणाला तो! आणि खोटं नव्हतं त्यात काही. त्या गाद्या जाळून टाकाव्यात असं त्याला वाटत होतं. म्हणता म्हणता त्याची नजर काचेतून खाली गेली. पोरं रांगांत अंग मोकळं करत होती. बूकर सगळ्यांपासून लांब, एकटा, गुडघ्यावर बसला होता. त्या सोमवारपासून बूकर कुणाला जोरात भिडतच नव्हता. समोरून कुणी आलं की हात पुढे करायचा, सांभाळून, लहान मुलाला पडताना धरावं तसा. शनिवारी समोरच्यांनी तिन्ही वेळा गुण मिळवले ते त्याच्याच बाजूने. कुणी त्याला काही म्हणत नव्हतं. याला जागं करायला हवं, रॉस्कोच्या मनात आलं. मऊ पडलाय. त्याच्यासमोर तो नवा, हॅन्ली, टाकायचा. हॅन्ली खालून येतो, बरगडीत घुसतो, दोन फटके बसले की बूकर चिडेल, आणि चिडला की मग... पुढच्या सोमवारी पहिली जोडी हीच, बूकर आणि हॅन्ली. पोटातून काहीतरी गोड वर आलं, थेट मानेपर्यंत.

“रॉस्को?” बाईंनी पेन पुढे केलं होतं. “ऐकताय ना?”

तो ऐकत होता. बूकर-हॅन्लीची जोडी लावणारा जो आत्ता मनात बोलला, तो आवाज परत लावून, कान देऊन, पुन्हा पुन्हा ऐकत होता — यात कोच कुठे आहेत, त्यांचा खर्ज, त्यांचं ते ‘पोरा’, कुठेतरी असणारच... आणि त्या सगळ्या वाक्यात त्याला कोचचा एक शब्दही सापडत नव्हता.