बाल्कनीत जखडलेली सायकल

मित्रांनो, मी सायकल. जुनी आहे, आणि आज माझं टाळकं सटकलंय. घंटी गंजली म्हणून गप्प बसणार नाही.

मी लुधियानात घडले. मोहालीच्या एका फौजी घरातल्या पोराने मला भरधाव पळवलं. त्यांची बदली झाली आणि मी चंदीगडच्या सरकारी क्वार्टरात स्वानंदीकडे आले. पोरगी गुणाची. चिखल लागला तर स्वतःच्या रुमालाने पुसायची!

मग शाळेने रीझनिंगची, म्हणजे डोकं लढवायच्या कोड्यांची, परीक्षा काढली. तिच्या बापाने, गजाननरावांनी, मला बाल्कनीच्या गजाला साखळीने बांधलं. म्हणाले, "दिशेचं एक गणित चुकलं ना, तर ही भंगारात!"

घ्या! चुकणार ती आणि वितळणार मी!

रोज आतून आरडाओरडा.

"माणूस दक्षिणेकडे चालला, उजवीकडे वळला. तोंड कुठे?"

"पूर्व."

"पश्चिम! शंभरदा सांगितलं!"

सांगितलं कसलं? पुस्तकाच्या मागे छापलेली उत्तरं वाचत होते. पोरगी रडायची आणि माझं रक्त... म्हणजे चेनचं तेल उकळायचं.

शेवटी आई, वीणाताई, उठल्या. कुलूप काढून आम्हा दोघींना खाली घेऊन आल्या.

"ते समोर पहाड. तिकडे उत्तर समज. आता पहाडाकडे पाठ कर."

स्वानंदीने मला गर्रकन फिरवलं.

"हं, वळ उजवीकडे."

तिने हँडल वळवलं आणि किंचाळली, "मम्मी, ये तो वेस्ट है!"

परीक्षेत म्हणे ती बाकाच्या कडा माझ्या हँडलसारख्या धरून डावी-उजवीकडे डुलत होती. मॅडम ओरडल्या, "बेटा, सीधे बैठो!" पण दिशेचं एकही गणित चुकलं नाही.

आणि गजाननराव? फोनवर छाती फुगवून, "मीच घासून घेतलं हो!" वर मला पुन्हा साखळी. का, तर आता ऑलिम्पियाडची परीक्षा!

स्वानंदी सोफ्यासमोर उभी राहिली. "पापा, साउथ की तरफ मुँह है, राइट मुड़े. किधर?"

"पूर्व," गजाननराव झटक्यात म्हणाले.

वीणाताई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. गजाननरावांनी एकदा उजवा हात पाहिला, एकदा पोरीकडे पाहिलं. कान लाल झाले.

"किल्ली कुठंय गं?" हळूच विचारलं.

साखळी सुटली, पण राग नाही गेला माझा. मित्रांनो, तुमच्या बाल्कनीत माझी एखादी बहीण गंजत असेल, तर आईबाबांना सांगा. आधी तिचं कुलूप उघडा. पुस्तक नंतर.