पालथा पेला

हार्लनच्या हाताला चव आहे, असं त्या खोऱ्यात सगळे म्हणत, आणि हार्लनला ते ऐकायला फार आवडायचं. दर ऑक्टोबरमध्ये शेवटची सफरचंदं चरकातून पिळून झाली की शेजारपाजारची मंडळी त्याच्या कोठारात जमत. त्या संध्याकाळसाठी तो दरवर्षी नवं कॉकटेल जमवायचा. ताजा रस, व्हिस्की, मेपलचा पाक, आणि त्या साली त्याच्या डोक्यात जे शिरलं असेल ते. कधी भाजलेली नाशपाती, कधी धुरी दिलेली दालचिनी. रिवाज एकच होता. ज्याला पुरे झालं त्याने आपला पेला कठड्यावर पालथा घालायचा. सुलटा पेला दिसला की हार्लन तो भरणार. विचारण्याची पद्धत नव्हती.

त्याच्या मुलीचा, कोरीनचा पेला कधी पालथा पडला नाही. पुष्कळ वर्षं लोकांना त्याची गंमत वाटली. "बापाची लेक शोभते," असं म्हणायचे आणि हार्लन हसत हसत पुन्हा भरायचा. मग तिची नोकरी गेली. मग एका सकाळी तिची गाडी रस्ता सोडून ओढ्यात उतरली. त्यानंतर ती घरी यायचीच थांबली. दारू सोडून तिला आता वर्ष उलटून गेलं होतं, आणि सप्टेंबरात तिचा फोन आला.

"या वेळी येते म्हणतेय, बाबा. पण घरात थेंबही नको."

"नसेल. शब्द देतो."

"आणि माझ्यासाठी वेगळी बाटली, वेगळा पेला असले लाड करू नकोस. सगळे पितात आणि मी कोपऱ्यात सरबत घेऊन बसलेय, हे मला जमणार नाही. सगळ्यांना एकच दे." ती थोडी थांबली. "आणि हे फिसकटलं तर मी पुन्हा येणार नाही. रागाने नाही रे. मला ते झेपणार नाही."

फोन ठेवला आणि हार्लनने त्याच दिवशी कपाटातल्या सगळ्या बाटल्या खोक्यात भरून शेजारच्या बॉइडकडे नेऊन दिल्या. बॉइड हा त्याचा लहानपणापासूनचा मित्र, जिभेला हाड नसलेला. त्याने खोकं घेतलं आणि दारातच विचारलं, "मरायला टेकलायस की चर्चमध्ये भरती झालायस?"

मग प्रयोग सुरू झाले. बिनदारूचं पेय करायचं म्हणजे काय मोठंसं, असं हार्लनला आधी वाटलं होतं. पण रसात पाक घातला की ते पोराटोरांचं सरबत व्हायचं. तुरटपणा यावा म्हणून त्याने धुरकट वासाचा काळा चहा उकळून घातला. साखर जाळून घातली. मिरी घातली, लवंग घातली, चमचाभर व्हिनेगर घातला. रंग तर हुबेहूब व्हिस्कीचा उतरला. वासही जवळपास आला. पण घोट घशातून खाली जाताना जो चटका बसायला हवा तो काही केल्या बसेना. आलं वाढवलं तर खोकल्याचा काढा व्हायचा.

बॉइड रोज चाखायला यायचा आणि रोज तोंड वाकडं करायचा. "याने सर्दी जाईल बाबा, पण संध्याकाळ काही जायची नाही."

"पी गुपचूप. पोरगी येतेय."

"येऊ दे की. तिला पाणी दे आणि आम्हाला माणसांत ठेव."

हार्लनने त्या दिवशी त्याला अक्षरशः हाकलून दिलं. तो मुलीसाठी हे करत होता यात शंकाच नाही. पण खरं सांगायचं तर त्याला आपला नावलौकिकही सोडवत नव्हता. हार्लनच्या कोठारात बेचव पेय मिळालं, असं कुणी म्हटलेलं त्याला सोसलं नसतं. एका दगडात दोन पक्षी मारायला निघालेल्या माणसासारखा त्याचा एकही नेम लागत नव्हता.

फ्रीज एव्हाना या फसलेल्या बाटल्यांनी भरून गेला होता. म्हणून शेवटच्या पिळणीचा रस त्याने मोठ्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून दक्षिणेकडच्या काचेच्या पडवीत ठेवला. पानं गळून गेली होती, दहिवर पडायला लागलं होतं. बाहेर फ्रीजपेक्षा जास्त गारठा, असा त्याचा हिशोब. पण त्या आठवड्यात ऊन पुन्हा फिरून आलं. लोक सदऱ्याच्या बाह्या सारून अंगणात बसले. पडवी भट्टीसारखी तापली, आणि हार्लन स्वयंपाकघरात लवंगा मोजत राहिला.

जमायच्या दिवशी त्याने पडवीतला रस घेऊन शेवटचं मिश्रण केलं आणि घोट घेतला. जिभेला बारीक मुंग्या आल्या. घोट खाली उतरला आणि छातीत ऊब पसरली. आलं बरोबर लागलं, हार्लनने मनाशी म्हटलं, आणि भरल्या डोळ्यांनी पेला हातात धरून उभा राहिला. जमलं होतं.

कोरीन दुपारी आली. वाळली होती, पण नजर स्वच्छ होती. तिने रिकामं कपाट पाहिलं आणि बापाच्या पाठीवर हात ठेवला. संध्याकाळी कोठारात चूल पेटली, पेले भरले गेले. बॉइडने पहिला घोट घेतला आणि टाळ्याच पिटल्या. "अरे लबाडा! हे तर जुन्यासारखंच झालंय की! बिनदारूचं म्हणे!"

हार्लन बॉइडकडे बघून हसला आणि मग मुलीकडे वळला. कोरीनने घोट घेतला होता, पण तो तिने गिळला नव्हता. ती दारापाशी गेली आणि बाहेर गवतावर थुंकली. मग तिने पेला सुलटाच कठड्यावर ठेवला आणि अंधारत आलेल्या अंगणात निघून गेली.

हार्लन मागे धावला. "काय झालं गं?"

"एक संध्याकाळ, बाबा. तुला एक संध्याकाळ जमलं नाही."

"आईशप्पथ सांगतो, थेंब नाही टाकलाय. आलं आहे ते. आल्याचा चटका."

"मला शिकवतोस?" तिचा आवाज फाटला. "झोपेत ओळखेन मी ती चव."

हार्लन पडवीकडे गेला तो तिला पटवायलाच. कॅन घेऊन आला आणि उजेडात धरला, आणि मग त्यालाच दिसलं. मिश्रण करताना घाईत लक्ष गेलं नव्हतं, पण कॅनचं पोट फुगलं होतं. कोरीनने पुढे होऊन झाकण फिरवलं. फस्स करून हवा सुटली आणि रस फेसाळून तिच्या हातावर आला. उन्हात आंबून त्याची दारू झाली होती.

हार्लन पायरीवर बसला. "सगळा जन्म चरकापाशी गेला," तो म्हणाला, "आणि रस आंबलेला मला कळला नाही."

"कळला की," कोरीन म्हणाली. "आवडला तुला."

महिनाभर तो जे शोधत होता ते नेमकं काय होतं, हे आता त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. लाजेने त्याचा चेहरा तापला. "आवडला," तो म्हणाला. "पहिल्या घोटालाच वाटलं, जमलं."

कोरीन आपल्या गाडीत जाऊन बसली. तिने कुणाला तरी फोन लावला. अशा वेळी जिला फोन करायचा अशी तिची एक मैत्रीण होती, तिलाच असणार. हार्लन गाडी सुरू झाल्याचा आवाज यायची वाट बघत बसला. तो मनाशी म्हणत होता, गेली तर तिचं चुकलं असं म्हणता येणार नाही. कोठारातून हसण्याचे आवाज येत होते. थोड्या वेळाने तो उठून आत गेला आणि रस आंबलाय, ज्यांना गाडी चालवायचीय त्यांनी पिऊ नका, असं सगळ्यांना सांगितलं. त्याने स्वतःचा भरलेला पेला चुलीच्या राखेत ओतला आणि कठड्यावर पालथा घातला.

स्वयंपाकघरात आला तर कोरीन टेबलापाशी उभी होती. हात धुऊन पुसत होती.

"आधीचं कुठंय? ते फसलेलं?"

"फ्रीज भरलाय त्याने. ताजा होता तो रस. पण चव नाही त्याला."

"असू दे. आण."

त्याने बाटली काढली, झाकण उघडून आधी स्वतः हुंगली, मग तिच्यापुढे धरली. तिने हुंगून मान हलवली. टेबलावर तिच्यापुढे नवा पेला सुलटा होता. हार्लनने बाटली वाकवली आणि हात मधेच थांबवला.

"ओतू?"

तिने वर बघितलं. त्या घरात हा प्रश्न तिला कधी कुणी विचारला नव्हता.

"अर्धाच," ती म्हणाली.

त्याने अर्धाच भरला. ती सावकाश प्यायली. तोही प्यायला. खरोखरच खोकल्याच्या काढ्यासारखं लागत होतं.

"बेकार आहे, बाबा."

"आहेच. अजून देऊ?"

"नको, पुरे," कोरीन म्हणाली आणि तिने पेला टेबलावर पालथा घातला. हार्लन बाटली हातात धरून त्या पेल्याच्या बुडाकडे बघत राहिला. तिच्या पेल्याचं बूड त्याने पहिल्यांदाच पाहिलं होतं.