दर बदलाला एक बिल्ड

टेबलाच्या कडेला चिकटवलेला तो छोटा दिवा अजून काळाच — सिसेलने टिचकी मारून पाहिली. वायर नीट होती. कोड पाठवून बराच वेळ झाला होता. एव्हाना बिल्ड आपोआप सुरू होऊन, इस्पितळातल्या सलाइन-पंपाचं सगळं सॉफ्टवेअर नव्याने जोडलं, तपासलं जाऊन दिवा, सगळं ठीक असेल तर हिरवा, नाहीतर लाल व्हायला हवा होता... बहुधा लालच. हल्ली लालच जास्त.

तिने सेटिंग उघडलं. दर बदलाला बिल्ड — बंद. आता रोज एकदाच, रात्री. बदल करणारा: आस्गर.

आस्गर? शुक्रवारी ऑरहूसच्या बंदरावर सायकली ढकलत जाताना हाच म्हणाला होता ना, की बॉस कितीही कुरकुरला तरी दर बदलाला बिल्ड यावरून आपण दोघांनी हटायचं नाही; दिवसभराचे सगळ्यांचे बदल रात्री एकदम तपासले तर चूक कुठल्या बदलात शिरली हे शोधायचं कसं, आणि पंपाच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो — वाक्यं माझी होती, तो नुसती मान हलवत होता, वाराही एवढा होता की मान थंडीनेच... नाही. तो 'हो' म्हणाला होता.

कँटीनमध्ये तो राय-धान्याच्या काळ्या पावावर हेरिंग मासे रचत होता.

"निदान सांगायचंस तरी."

"सांगणार होतो गं."

"बॉसने दम दिला?"

"त्याला कुठे काय पडलंय!" त्याने काट्याने कांदा बाजूला सारला. "मॉर्टेन तुला सोडून गेला तेव्हापासून तुझी बिल्डं पडतायत, सिसेल. दर वेळी सगळ्यांच्या पडद्यावर लाल, तुझ्या नावासकट. टीममधली पोरं हसायला लागली होती. रात्री एकत्र तपासलं की नाव कोणाचंच येत नाही. सकाळी लवकर येऊन मी गुपचूप दुरुस्त केलं असतं."

"म्हणजे उपकार?"

"उपकार कसले... मैत्रीण आहेस तू माझी."

तिला भांडायचं होतं. पण समोर होता तो एक कळवळलेला चेहरा, आणि त्याच्यावर राग धरायचा तर कुठे धरायचा...

जागेवर येऊन तिने दर बदलाला बिल्ड पुन्हा चालू केलं. हसू देत पोरांना. पण गेल्या महिन्यात तो म्हणाला होता, 'पंपाच्या अलार्मचा भाग काय सुरेख लिहिलायस!' — आणि तेवढ्यावर मी गुणगुणत घरी गेले होते. ते तरी खरं होतं का? आणि त्याआधीचं?... अलार्मचा कोड उघडून ती पहिल्या ओळीपासून वाचू लागली, दुसऱ्या कुणी लिहिल्यासारखा. आणि चांगला आहे की वाईट, हे तिचं तिला कळेना.