हातभार

स्त्री अभ्यास केंद्राच्या प्रस्तावावर एका तरी ज्येष्ठ प्राध्यापकाची सही हवी, असा विद्यापीठाचा नियम होता. नाशिकच्या त्या कॉलेजातले ज्येष्ठ म्हणजे एकेक नमुना. एकाने "बायकांचा कसला अभ्यास?" म्हणत चष्मा पुसला, दुसऱ्याने विषय बदलून चहा मागवला. सही केली ती समाजशास्त्राच्या वत्सलाबाईंनी. प्रस्ताव लिहिणाऱ्या माजिदाला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं. मालेगावच्या या पोरीला बाईंनीच एम.ए. करायला लावलं होतं आणि हंगामी का होईना, नोकरीला चिकटवलं होतं. बाईंचा शब्द तिला आईच्या शब्दासारखा होता.

केंद्राचं पहिलं काम म्हणजे येवल्यातल्या पैठणी विणणाऱ्या घरांची पाहणी. बाई एकदाही तिकडे फिरकल्या नाहीत. त्यांना एसटी लागायची. त्र्याऐंशीचा अख्खा उन्हाळा माजिदाने एकटीने फेऱ्या मारल्या. बायकोचा व्यवसाय विचारला की प्रत्येक घरातला पुरुष सांगायचा, "ती व्हय? ती घरीच असती. जरा हातभार लावती." आणि ती त्याच्या मागेच मागावर बसलेली असायची. माजिदाची अम्मीही जन्मभर लूमच्या कांड्या भरत आली होती आणि शाळेच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायापुढे रेघ असायची. माजिदाने हट्टाने एक्केचाळीस बायकांपुढे 'विणकर' असंच लिहिलं.

त्यातल्या पुतळाबाईंचं तर सगळंच त्या शब्दावर अडलं होतं. नवऱ्याची नजर अधू झाल्यापासून आठ वर्षं माग त्याच चालवत होत्या. पण ज्यावर रेशीम मिळायचं ते विणकराचं कार्ड नवऱ्याच्या नावाचं. तो वारला आणि विणकर सोसायटीने रेशीम द्यायचं बंद केलं. चेअरमन म्हणाले, "कॉलेजच्या अहवालात विणकर म्हणून नाव छापून आणा, कार्ड देतो."

"येईल नाव," माजिदाने पुतळाबाईंना सांगितलं. "आमच्या बाई आहेत ना."

दिवाळीनंतर केंद्राचं उद्घाटन झालं. सोसायटीचे चेअरमन व्यासपीठावर होते, केंद्राचे सल्लागार म्हणून; सही टाळणारे ज्येष्ठही आता केंद्राच्या समितीवर होते. माजिदाने नुकताच छापून आलेला अहवाल उघडला आणि पुतळाबाईंचं नाव शोधलं. पुतळाबाई: गृहिणी, पतीच्या विणकामात हातभार. पुढच्या चाळीस जणींपुढेही तेच.

"बाई, हे कोणी बदललं?"

"मी," वत्सलाबाई शांतपणे म्हणाल्या. "एक्केचाळीस नवी कार्डं द्यायला लागली असती त्यांना. चेअरमन नाराज झाले असते, तर आपल्या समितीतले ज्येष्ठही मागे सरले असते. केंद्र हवंय ना तुला? मग शब्दासाठी काय अडून बसायचं?"

परक्याने केलं असतं तर ती भांडली असती. इथे आपल्याच माणसाने केसाने गळा कापला होता, आणि वर तो तिच्या भल्यासाठी.

दुसऱ्या दिवशी ती येवल्याला गेली. पत्र पाठवून भागलं असतं, पण तोंड लपवणं तिला जमेना. पुतळाबाईंनी रिकाम्या मागाशेजारी सतरंजी टाकली आणि अहवाल दोन्ही हातांनी डोक्याला लावला. मग म्हणाल्या, "वाचा ताई. माझं नाव कुठं हाय?"

माजिदाने वाचलं. एक अक्षर गाळलं नाही.

पुतळाबाईंनी मागावरची धूळ पदराने पुसली. रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. मग त्यांनी विचारलं, "आन् तुमचं नाव? उन्हातान्हाचं तुमीच फिरला व्हता. तुमचं काय लिव्हलंय?"

तोवर माजिदाने ते पाहिलंही नव्हतं. मुखपृष्ठावर वत्सलाबाईंचं नाव होतं, आत समितीतल्या ज्येष्ठांची. तिचं सापडलं शेवटच्या पानावर, बारीक टायपात. तिने तेही मोठ्याने वाचलं.

"या कामी कुमारी माजिदा यांचाही हातभार लागला."

पुतळाबाई सतरंजीवर जराशा सरकल्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "म्हंजे तुमीबी घरीच असता."